पुरातलं कपाट आणि स्पिरिटचा बोळा: जुनं लाकडी फर्निचर घरच्या घरी नीट कसं करायचं

पहिलं कपाट मी वाया घालवलं, हे आधीच सांगून टाकतो. २०१९ च्या पुरात आमच्या सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ आहे म्हणजे विचार करा, गावभाग, मारुती चौक, हरभट रोड सगळं पाण्यात. पाणी ओसरल्यावर लोकांनी घरातलं लाकूडसामान दारात आणून टाकलं, काहींनी फुकट दिलं, काहींनी मिळेल त्या भावाला विकलं. त्यातलं एक दोन दारांचं सागवानी कपाट मी ओळखीतनं १८०० रुपयांना घेतलं, तीन आठवडे पोर्चमध्ये ठेवलं, वरनं वाळलेलं दिसलं म्हणून पांढरा ऑइलपेंट मारला आणि सगळ्यांना फोटो पाठवले. लय भारी दिसत होतं. पुढच्या महिन्यात दाराच्या खालच्या भागाला फोड आले, मग पांढऱ्यातनं चहासारखे पिवळे डाग वर यायला लागले, आणि एप्रिलमध्ये नखानं ओढलं की पापडासारखा रंग निघायचा.

तेव्हा एक म्हातारे सुतार घरी आले होते खिडकीच्या कामाला. त्यांनी कपाटाच्या मागं जाऊन बघितलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "ह्याच्यावर लाखेचं पॉलिश होतं की ओ, तुम्ही ते झाकून टाकलं." मी म्हटलं मामा, कसं कळलं. त्यांनी खिशातल्या बाटलीतलं थोडं स्पिरिट कापसाच्या बोळ्यावर घेतलं, मागच्या कोपऱ्यात धरलं आणि बोळा तपकिरी झाला. एवढंच. मी तो बोळा आधी लावला असता तर रंगाचे, प्रायमरचे पैसे आणि दोन महिने वाचले असते.

त्यानंतर आजवर सहा-सात वस्तू केल्यात, आरामखुर्ची, चौरंग, एक शिसवी टीपॉय, सासूबाईंचा देव्हारा. मी काय सुतार नाही, नोकरी करून रविवारी करणारा माणूस आहे, त्यामुळं नवख्याला कुठं अडतं ते मला बरोबर आठवतंय.

१. घेतानाच बघायचं, घरी आणून नाही

वस्तू कुठनं मिळते? जुना वाडा पाडतात तिथं, घर बदलणाऱ्यांकडं, भंगारवाल्यांकडं, आणि मोबाईलवरच्या जाहिरातींतनं. वाड्यातल्या सामानाला मी पहिली पसंती देतो कारण तिथं प्लायवूडचा प्रश्नच नसतो. घेतलं की विकणाऱ्याकडनं साध्या कागदावर पावती घ्या, कुठली वस्तू, किती पैसे, तारीख. एवढ्याशाचं काय असं वाटेल, पण वाड्याच्या सामानात चार भाऊबंद असतात आणि नंतर एखादा काका "ते कपाट आमचं होतं" म्हणत येतो. माझ्याकडं आला होता.

विकणारा प्रत्येक काळ्या लाकडाला शिसवी म्हणणार आणि प्रत्येक पिवळ्याला सागवान. पुढनं बघून काही कळत नाही, पॉलिश सगळं झाकतं. खण पूर्ण बाहेर काढा, त्याचा तळ आणि मागची फळी बघा, तिथं पॉलिश मारलेलं नसतं. नखानं किंवा किल्लीनं आतल्या बाजूला बारीक ओरखडा काढून वास घ्या. सागाला तेलकट, चामड्यासारखा वास येतो आणि रंग सोनेरी तपकिरी. शिसव काळपट जांभळं आणि उचलायला जड. आंबा फिकट, हलका, आणि किडा सगळ्यात आधी ह्याला लागतो. बाभूळ जड आणि टणक, खिळा ठोकायला गेलं तर खिळाच वाकतो.

पुढच्या फळीवर सुंदर रेषा आहेत पण कडेला त्या रेषा वळून येतच नाहीत, तर ते वरनं चिकटवलेलं व्हिनियर आहे. ते वाईट नाही, पण ते कागदाएवढं पातळ असतं, जोरात घासलं की खालचा प्लाय दिसतो आणि मग काही उपाय नाही. आणि भुसा दाबून केलेला बोर्ड पाण्यानं फुगलेला असेल तर फुकट दिला तरी घेऊ नका. तो परत बसत नाही. कितीही दाबा.

हलवून बघा. डुगडुगत असेल तर चालेल, सांधे नीट करता येतात. पाय कुजलेला, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर टोचला की लोण्यात गेल्यासारखा आत जातोय, असं असेल तर सोडून द्या, पहिल्यांदा करताय तर नक्कीच सोडा.

आणायला छोटा हत्ती टेम्पो लागतो, भाडं आणि हमाली वस्तूच्या किमतीत धरूनच घासाघीस करा. आणि जिना मोजा हो. आमचा पलंग दुसऱ्या मजल्यावर दोरीनं ओढून घ्यावा लागला, सगळी गल्ली गोळा झाली होती.

२. सामान

एकदम सगळं आणू नका, आधी पायरी ५ करा मग कळेल काय लागणार. पण हे तर लागतंच:

- पॉलिश पेपर ८०, १२०, १८०, २२० आणि ३२० नंबर, आणि पाण्यात चालणारा वॉटर पेपर वेगळा
- डिनेचर्ड स्पिरिट, टर्पेंटाइन, एनसी थिनर म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकरचं थिनर (तिन्ही वेगळे, एकाच्या जागी दुसरं चालत नाही)
- फेव्हिकॉल, सुती दोरी, दोन-चार क्लॅम्प असले तर उत्तम
- पटाशी, लाकडी हातोडा, पक्कड, चांगला स्क्रू ड्रायव्हर, पातळ पत्र्याची पट्टी
- मास्क (कापडी नाही, धुळीचा), रबरी हातमोजे, चष्मा
- जुन्या धोतराचं नाहीतर मलमलचं कापड, कापूस
- पेढ्याचे रिकामे डबे, स्क्रू-बिजागऱ्या ठेवायला

जागा मोकळी हवी. फ्लॅटमध्ये राहत असाल आणि गच्चीवर करणार असाल तर सोसायटीत आधी विचारा, थिनरचा वास खालपर्यंत जातो आणि मग सगळे वर येतात.

३. वाळवणं (इथंच सगळे चुकतात, मीपण)

पुरात भिजलेलं किंवा ओलीच्या भिंतीला लागून राहिलेलं लाकूड वरनं आठ दिवसांत कोरडं दिसतं. आत ओल तशीच असते. रंगानं तुम्ही ती आत कोंडता, ऊन तापलं की ती बाहेर यायला बघते आणि रंगाला फोड येतात.

आधी चिखल काढा. कृष्णेचा गाळ एकदम बारीक असतो, सांध्यात, बिजागरीच्या मागं, खणाच्या खाचेत जाऊन बसतो. ओला असताना मऊ ब्रशनं आणि थोड्या पाण्यानं निघतो, वाळला की सिमेंट. मागची फळी चुका काढून सुटी करा, खण बाहेर काढा, दारं उघडी ठेवा, खाली चार विटा घाला आणि सावलीत, वारा खेळतो तिथं ठेवा. उन्हात नाही! उन्हात फळीची एक बाजू लवकर आकसते आणि ती वाकते नाहीतर चिरते. शेजारच्यांनी पाट उन्हात ठेवला, संध्याकाळी होडी झाली होती त्याची.

किती दिवस? ह्याला माझ्याकडं एक युक्ती आहे. एक खण किंवा सुटी फळी वजनकाट्यावर ठेवा, आकडा भिंतीवर पेन्सिलनं लिहा. दर रविवारी परत करा. वजन कमी होत जातं, आणि लागोपाठ तीन रविवार तोच आकडा आला की लाकूड आपल्या हवेला बसलं. माझ्या दुसऱ्या पुरातल्या वस्तूला अडीच महिने लागले. घरातले म्हणत होते हा काय फळ्या मोजत बसलाय.

आपल्याकडं कामाला बरा काळ म्हणजे दिवाळी झाल्यापासनं गुढीपाडव्यापर्यंत. पावसाळ्यात लाखेचं पॉलिश पांढरं पडतं, मे महिन्यात स्पिरिट आणि थिनर इतकं पटापट उडतं की ब्रशच्या रेघा तशाच राहतात. फक्त एक लक्षात ठेवा, हाच उसाचा सीझन असतो. आसपास कुठं फड पेटवला की काळी काजळी उडत येते आणि बरोबर तुमच्या ओल्या रंगावर बसते. मी शेवटचा हात पोर्चमध्ये मारत नाही, आतल्या खोलीत खिडकी उघडी ठेवून आणि बाहेरनं ओला पंचा लावून मारतो.

४. किडा, वाळवी, ढेकूण

बारीक गोल भोकं दिसली म्हणजे किडा आहेच असं नाही, जुनी मेलेली भोकंही असतात. वस्तूखाली काळा कागद अंथरा, आठवडाभर हात लावू नका. कागदावर पिठासारखा भुसा पडला तर किडा जिवंत आहे. मग हार्डवेअरमध्ये लाकडाच्या किड्यावरचं औषध मिळतं ते इंजेक्शनच्या सिरिंजनं एकेका भोकात सोडायचं, मोजे घालून, आणि सगळं प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून काही दिवस ठेवायचं. डब्यावर लिहिलेलं वाचा, प्रत्येकाचं प्रमाण वेगळं असतं. धान्याचं किंवा भांड्यांचं कपाट असेल तर आतल्या बाजूला हे औषध लावू नका.

वाळवी असेल तर मातीच्या रेघा दिसतात आणि टकटक केलं की पोकळ आवाज येतो. पोकळ भाग फार असेल तर ती फळी बदलावी लागते.

जुना पलंग असेल तर ढेकूण धरूनच चाला. घरात नेण्याआधी अंगणात सांध्यांमध्ये उकळतं पाणी सोडा. पॉलिशवर पांढरे डाग पडतील, पडू देत, ते नंतर निघतात. ढेकूण एकदा घरात शिरले की निघत नाहीत.

५. बोळ्याची परीक्षा

ह्याच्यासाठी तर हा सगळा लेख लिहिलाय. वस्तूवर आधी काय मारलंय हे कळल्याशिवाय पॉलिश पेपरला हात लावायचा नाही.

आधी टर्पेंटाइनच्या फडक्यानं मेण, तेल, तूप, हळदकुंकू जे काय बसलंय ते पुसून घ्या. पुष्कळदा काळं पडलेलं पॉलिश नसतं, नुसता पन्नास वर्षांचा मळ असतो. देव्हाऱ्याचं तर निम्मं काम इथंच झालं होतं, आतनं चक्क लालसर सागवान निघालं आणि सासूबाई म्हणाल्या हा आमचा देव्हारा नव्हेच.

मग न दिसणारा कोपरा निवडा, आणि:

स्पिरिटचा बोळा एक-दोन मिनिटं धरून ठेवा. पृष्ठभाग चिकट झाला आणि बोळ्यावर तपकिरी आलं, तर लाख आहे, म्हणजे चपड्याचं पॉलिश.

काहीच झालं नाही तर एनसी थिनरचा बोळा. विरघळून गुळगुळीत पातळ होतंय तर लॅकर आहे, म्हणजे थिनरमधलं झटपट वाळणारं पॉलिश. विरघळण्याऐवजी सुरकुत्या पडून वर उचललं जातंय तर ऑइलपेंट किंवा तेलाचं वार्निश.

थिनरलाही दाद देत नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), ही कडक रासायनिक पॉलिशं. ते फक्त घासून किंवा रिमूव्हरनं निघतं.

आता ऐका. लाख निघाली तर तुमचं नशीब. ती खरवडू नका! लाखेची गंमत अशी की जुना थर नव्या स्पिरिटात परत विरघळतो आणि नव्या थरात मिसळून जातो, म्हणजे तुम्हाला जुनं काढायची गरजच नाही. चहाच्या कपाचे पांढरे गोल, बारीक चिरा, ओरखडे, हे सगळं स्पिरिटात थोडी लाख घालून कापडाच्या बोळ्यानं हलक्या हातानं फिरवलं की पुष्कळसं जातं. माझं पहिलं कपाट असंच दोन रविवारात झालं असतं.

६. खोलणं आणि सांधे

खोलण्याआधी चारही बाजूंनी मोबाईलवर फोटो काढा. प्रत्येक तुकड्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं लिहा, डावा वरचा, उजवा खालचा. सगळे पाय सारखे दिसतात पण जुन्या सुतारानं प्रत्येक सांधा त्या त्या पायासाठी कापलेला असतो, अदलाबदल केली की बसत नाही.

स्क्रू गंजून बसला असेल तर आधी किंचित घट्ट करा, मग सोडवा. तरी हलत नसेल तर तापवलेली सळई किंवा सोल्डरिंग आयर्न त्याच्या डोक्यावर टेकवा, थंड झाला की सुटतो.

जुन्या फर्निचरमध्ये सरस वापरलेला असतो, जनावरांच्या कातड्या-हाडांपासनं केलेला डिंक. हा गरम पाण्यानं मऊ होतो. फडकं गरम पाण्यात भिजवून सांध्याभोवती गुंडाळा, दहा-पंधरा मिनिटांनी हलवून हलवून काढा. पिळवटू नका, ठोकताना मध्ये लाकडाचा तुकडा धरा.

आता सापळा: सुट्या झालेल्या सांध्यात जुना सरस तसाच ठेवून वरनं फेव्हिकॉल ओततात. फेव्हिकॉलला लाकूड लागतं, जुन्या डिंकावर तो धरत नाही. पटाशीनं आणि गरम पाण्याच्या फडक्यानं लाकूड उघडं करा, वाळू द्या, मग लावा. आणि दुसरा त्याहून वाईट सापळा म्हणजे डुगडुगणाऱ्या खुर्चीच्या सांध्यात खिळा ठोकणं. आठ दिवस बरं वाटतं, मग त्याच खिळ्यापासनं लाकूड चिरतं.

क्लॅम्प नसला तर सुती दोरीचे दोन वेढे घाला, मध्ये काठी घालून पीळ द्या, काठी अडकवून ठेवा. पीळ देताना टेपनं दोन्ही कर्ण मोजा, ह्या कोपऱ्यापासनं समोरच्या कोपऱ्यापर्यंत. दोन्ही आकडे सारखे आले तर चौकट सरळ आहे. बाहेर आलेला फेव्हिकॉल तिथल्या तिथं ओल्या फडक्यानं पुसा. चोवीस तास तसंच.

७. जुना रंग काढायचा असेल तर

ऑइलपेंटचे थर असतील, आणि घरातलं जुनं सामान म्हणजे चार-पाच थर असतातच, हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली चॉकलेटी, तर कोरडं घासू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं. आपल्याकडं घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) वर नको हा नियम २०१६ ला आला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासनं लागू झाला, त्याआधीच्या रंगाचा काही भरवसा नाही. ही धूळ लहान मुलांना फार वाईट. वॉटर पेपर पाण्यात बुडवून ओलं घासा, खाली जुनं प्लॅस्टिक अंथरा, निघालेला गाळ त्यातच गुंडाळून टाका, नाल्यात नाही. घरात बाळ किंवा गरोदर बाई असेल तर हे काम तिथं करूच नका.

जाड थराला पेंट रिमूव्हर. ब्रशनं जाड थापायचा, रंग फुगून वर आला की पत्र्याच्या पट्टीनं ओढायचा, कातड्याला लागला तर भाजतो म्हणून रबरी मोजे आणि चष्मा, आणि काम उघड्यावरच. शेवटी थिनरनं पुसून घ्या, नाहीतर राहिलेला रिमूव्हर नवा रंग धरू देत नाही. कोणीतरी तुम्हाला कॉस्टिक सोडा सांगणार, मलाही सांगितला होता. सागावर सोडा घातला की लाकूड काळं पडतं आणि ते काळं जाता जात नाही.

८. भोकं भरणं, घासणं

रंग मारणार असाल तर सोपं, लांबी (पुट्टी) भरा, वाळली की घासा. पॉलिश करणार असाल तर फेव्हिकॉल आणि भुश्याचं मिश्रण वापरू नका, ते पॉलिश पीत नाही आणि जिथं भरलंय तिथं फिक्का डाग कायम दिसतो. त्याऐवजी पॉलिशवाले करतात तसं, खडूची पावडर, त्यात पिवडी, गेरू, थोडी हिरमुजी असे मातीचे रंग घालून लाकडाच्या रंगाच्या जवळ आणायचं आणि थोड्या चपडा-स्पिरिटमध्ये कालवायचं. एका फळीवर नमुना करून बघा, वाळल्यावर रंग बदलतो.

घासायचं लाकडाच्या रेषांच्या दिशेनंच. आडवं घासलं तर आता दिसणार नाही, पॉलिश मारल्यावर प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. ८० फक्त खरखरीत जागी, मग १२०, १८०, २२०. मधला नंबर गाळला की आधीचे ओरखडे राहतात. व्हिनियरवर १८० च्या खाली जाऊ नका. शेवटी ओल्या फडक्यानं एकदा पुसा, लाकडाची लव उभी राहते, वाळली की २२० नं हलकं घासा. धूळ झाडूनं नको, ओलसर कापडानं.

९. रंग का पॉलिश

माझं मत सरळ आहे, सागवान आणि शिसवीवर रंग मारू नका. आंबा, जंगली लाकूड, प्लाय, जोडाजोड केलेलं सामान, ह्याला रंग छान दिसतो. ज्याला सागावर पांढराच हवा त्यानं मारावा, त्याचं घर आहे, पण मग सागातलं तेल आणि रंगद्रव्य वर येऊन पिवळे डाग पडतात हे आधी माहीत असू द्या. त्यावर उपाय म्हणजे प्रायमरच्या आधी चपड्याचे दोन हात, तो अडसर म्हणून काम करतो.

रंगाचं थोडक्यात: वूड प्रायमर एक हात, घासणं, लांबी, घासणं, परत प्रायमर, मग इनॅमलचे दोन पातळ हात. इनॅमल टर्पेंटाइननं पातळ करा, एनसी थिनरनं नाही. रंग जुन्या नायलॉनच्या कापडातनं गाळून घ्या. दोन हातांमध्ये एक रात्र जाऊ द्या आणि मध्ये ३२० नं हलकं घासा. वरनं हाताला कोरडा लागला तरी पूर्ण कडक व्हायला आठ-दहा दिवस लागतात, त्याआधी वर वर्तमानपत्र ठेवलं तर बातम्या रंगावर छापून येतात. ऑइलपेंटवर एनसी लॅकर कधी मारू नका, खालचा रंग सुरकुततो.

पॉलिशचं मात्र नीट सांगतो.

चपडा म्हणजे लाख, पळस, बोर, कुसुंबाच्या झाडांवरच्या किड्यापासनं मिळणारी. पातळ, पापुद्र्यासारखे तुकडे मिळतात. एक लिटर स्पिरिटला १५० ते २०० ग्रॅम, काचेच्या बरणीत रात्रभर भिजत घाला. लोखंडी किंवा पत्र्याच्या डब्यात नाही, लाख काळी पडते. सकाळी हलवून मलमलमधनं गाळा. लागेल तेवढंच करा, फार दिवस राहिलेलं पॉलिश चिकटच राहतं, वाळत नाही.

कापसाचा लिंबाएवढा गोळा धोतराच्या कापडात बांधा, खालची बाजू सुरकुती नसलेली हवी. पॉलिश आत कापसात सोडायचं, वरनं बुडवायचं नाही. पिळून बघा, थेंब पडायला नको. मग विमान उतरतं तसं कडेकडनं हळूच टेकवायचं, रेषेच्या दिशेनं ओढायचं आणि दुसऱ्या टोकाला उचलायचं. मध्ये थांबलात की संपलं, तिथं बोळा चिकटतो आणि खड्डा पडतो. अडकायला लागला तर कापडावर तेलाचा एकच थेंब.

पातळ हात, पुष्कळ हात. मी आठ-दहा मारतो, पहिले तीन-चार एका दिवसात, मध्ये पंधरा-वीस मिनिटं, चिकट लागायला लागलं की थांबायचं आणि उद्या. रोज सुरू करताना आदल्या दिवशीचं जुन्या ३२० नं नुसतं कुरवाळायचं. घाईत जाड हात मारला तर वरनं साय येते आणि आत ओलं राहतं.

हे हातानं शिकायचं असेल तर मिरजेत सतारमेकर गल्लीत जाऊन उभं राहा. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ ला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, ते वाजतं कसं हे आपल्याला कळत नसेल पण भोपळ्यावर आणि दांडीवर लाखेचं पॉलिश कसं चढवतात ते बघायला मिळालं तर बघा. मी दुपारी गेलो होतो, परवानगी विचारली, त्यांनी बसा म्हटलं. त्यांचा हात थांबत नाही एवढंच बघून माझं निम्मं पॉलिश सुधारलं.

लाखेची कमजोरीपण सांगतो. गरम कप, पाणी आणि दारू, तिन्हीनं डाग पडतात. जेवणाच्या टेबलाला लाख नको, तिथं पीयू मारा, पण उघड्या लाकडावर, साध्या चपड्यात मेण असतं आणि त्यावर पीयू नीट धरत नाही. पावसाळी दिवशी पॉलिश पांढरं धुरकट झालं तर घाबरू नका, कोरड्या हवेच्या दिवशी स्पिरिटचा जवळजवळ कोरडा बोळा भरभर फिरवा, जातं.

आणि आग. स्पिरिट, थिनर, सगळं पेटतं, शेजारी गॅस, उदबत्ती, निरांजन काही नको. देव्हाऱ्याला पॉलिश करत होतो तेव्हा आईनं सवयीनं दिवा लावायला काडी हातात घेतली होती, मी ओरडलोच. जवसाचं तेल वापरत असाल तर त्याची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्याच्या बादलीत टाका किंवा दोरीवर पसरून वाळवा.

१०. कड्या, बिजागऱ्या, खण

पितळी मुठी चिंच आणि मीठ लावून घासा, धुवा, लगेच कोरड्या करा. आधी चुंबक लावून बघा, चिकटलं तर ते लोखंडावर पितळेचं पाणी आहे, चिंचेनं ते निघून जाईल. लोखंडी बिजागऱ्या रॉकेलमध्ये रात्रभर, आणि मग ब्रश.

स्क्रूचं भोक सैल झालं असेल तर आगपेटीच्या दोन-तीन काड्या गुल काढून फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात घाला, वाळल्यावर कापा, स्क्रू परत घट्ट बसतो. जाड स्क्रू शोधत फिरू नका.

खण अडकत असेल तर लगेच रंधा मारू नका. पावसाळ्यात लाकूड फुगतं, ते जानेवारीत आपोआप सैल होतं आणि तेव्हा तुमचा रंधलेला खण खडखडत राहतो. खाचेला मेणबत्ती घासा. तरी अडकला तर हिवाळ्यात बघा.

पहिला महिना वस्तू भिंतीपासनं चार बोटं लांब ठेवा, खाली विटा किंवा रबराच्या चकत्या. आमच्या घरी आता एक नियम झालाय, जूनमध्ये खालच्या खणातलं सगळं वरच्या खणात जातं, आणि रेडिओवर नाहीतर मोबाईलवर आयर्विनची पातळी ४० फूट सांगितली की कपाट दोघांनी उचलून जिन्यावर. पहिलं पांढरं कपाट अजून आहे. ह्या दिवाळीनंतर त्याचा रंग काढायला घेतलाय, डावं दार झालंय, उजव्या दाराला अजून तीन रविवार लागतील.